कमांड लाइनवरून प्रोग्रॅमिंगची टिपणे कशी मांडावीत, म्हणजे ती हवी तेव्हा सापडतील?

प्रश्न : कोरी पाटी

नमस्कार. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत पायथन ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर काम करते. गेल्या सहा वर्षांत मी बरीच टिपणे लिहिली. त्यांतली काही मार्कडाउन फाइलींत आहेत, काही मोबाइलवरून स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत आहेत, काही म्हणजे केवळ ब्राउझरमध्ये खुणा करून ठेवलेली पाने आहेत, आणि उरलेली निरनिराळ्या प्रकल्पांच्या फोल्डरांत 'तात्पुरते' किंवा 'नवीन २' अशा नावांनी पडून आहेत.

मागच्या महिन्यात एका रात्री डेटाबेसची राखीव प्रत परत चढवायची होती. ती प्रत पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या प्रत काढणाऱ्या साधनाच्या कस्टम स्वरूपात घेतलेली होती आणि मी ती पुन्हा पुन्हा पीएसक्यूएल या आज्ञा चालवणाऱ्या साधनाला देत होते. कस्टम स्वरूपातली फाइल पीजी-रिस्टोअरनेच चढवावी लागते, हे मला पूर्वी ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर दोन वर्षांपूर्वी हाच घोळ झाल्यावर मी त्यावर सविस्तर टिपण लिहिले होते. त्या रात्री ते टिपण मला चाळीस मिनिटे सापडले नाही. दुसऱ्या दिवशी ते एका बंद झालेल्या प्रकल्पाच्या फोल्डरात मिळाले, आणि त्यात 'पोस्टग्रेस' हा शब्दच नव्हता. मी फक्त 'डीबी' असे लिहून ठेवले होते.

माझे बहुतेक काम टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतच, चालते, त्यामुळे टिपणांसाठी वेगळे ॲप मला नको आहे. साध्या मजकुराच्या फाइली आणि नेहमीच्या आज्ञा एवढ्यावर भागावे असे वाटते. फोल्डर भाषेनुसार करावेत की कामानुसार, आणि एकच मोठी फाइल ठेवावी की पुष्कळ लहान, हे मला ठरवता येत नाही. आणखी एक अडचण अशी की माझी निम्मी टिपणे मराठीत आहेत, कारण एखादी गोष्ट का घडते हे मला मराठीत लिहिले तरच नीट उमगते. पण फाइलींतला मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेने मराठी शब्द शोधला, तर तो शब्द डोळ्यांसमोर फाइलीत दिसत असतानाही कधी कधी उत्तर रिकामे येते. ज्यांनी अशी व्यवस्था काही वर्षे प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

उत्तर : पहाटवारा

फोल्डर भाषेनुसार की कामानुसार, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की दोन्ही नको. फोल्डरांची उतरंड लिहिणाऱ्याच्या सोयीची असते, शोधणाऱ्याच्या नाही. तुमचेच उदाहरण घ्या. ते टिपण पोस्टग्रेसच्या फोल्डरात जायला हवे होते, की राखीव प्रतींच्या, की त्या प्रकल्पाच्या? तिन्ही जागा बरोबर आहेत, आणि म्हणूनच दोन वर्षांनी तुम्ही तिसऱ्याच ठिकाणी शोधणार. माझी सुमारे साडेतीनशे टिपणे आहेत आणि ती सगळी एकाच सपाट फोल्डरात आहेत. एका कामाला एक फाइल. फाइलीच्या नावात आधी साधनाचे नाव आणि मग काम, मधे आडव्या रेघा.

खरी किमया मात्र फाइलीच्या पहिल्या ओळीत आहे, आणि ती मी मॅन पानांकडून, म्हणजे युनिक्स या संचालन प्रणालीत 'मॅन' या आज्ञेने वाचता येणाऱ्या मदतपानांकडून, शिकलो. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या मार्गदर्शिकेतही प्रत्येक पान नावाने आणि एका ओळीच्या वर्णनाने सुरू होते. ती ओळ शोभेसाठी नाही. आपण मॅनला 'हायफन के' हा पर्याय देतो किंवा ॲप्रोपॉस ही शोधाची आज्ञा चालवतो, तेव्हा शोध पूर्ण पानात होत नाही. तो त्या नावांत आणि एका ओळीच्या वर्णनांतच होतो. म्हणजे हजारो पानांतून हवे ते पान काढण्याचे काम त्या एका ओळीवर सोपवलेले आहे.

म्हणून माझ्या प्रत्येक टिपणाची पहिली ओळ ही त्या साधनाचे नाव आणि मला पुढे पडेल तो प्रश्न, अशी असते. 'डीबी रिस्टोअरबद्दल' असे मी लिहिणार नाही. 'पोस्टग्रेस : कस्टम स्वरूपातला डंप परत चढवणे, पीएसक्यूएल ही फाइल नाकारते तेव्हा' असे लिहीन. अडलेल्या माणसाच्या तोंडी जे शब्द येतात ते तिथे असले पाहिजेत. समस्या सुटल्यावर आपली भाषा बदलते, आपण कारणाच्या भाषेत बोलू लागतो. परंतु पुढच्या वेळी शोधताना आपल्यापाशी कारण नसते, फक्त लक्षण असते. त्यामुळे पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश मी जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता, टिपणात चिकटवतो.

त्याखाली आधी चालणारी आज्ञा, मग तिचे स्पष्टीकरण, आणि शेवटी 'खोड' नावाचा एक परिच्छेद. हा परिच्छेदही मी त्याच मार्गदर्शिकेतून उचलला. त्या पानांत 'बग्ज' हे शीर्षक पहिल्यापासून आहे. आरसिंक या फाइली नकलणाऱ्या साधनाच्या टिपणात माझी खोड अशी लिहिलेली आहे की स्रोताच्या फोल्डराच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला मजकूर जातो आणि नाही दिली तर फोल्डरासकट जातो. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या टिपणात असे लिहिले आहे की महिन्याचा दिवस आणि आठवड्याचा वार हे दोन्ही रकाने भरले, तर त्यांचा अर्थ 'आणि' असा न होता 'किंवा' असा होतो. म्हणजे तेरा तारीख आणि शुक्रवार असे लिहिल्यास काम दर तेरा तारखेलाही चालते आणि दर शुक्रवारीही. आज्ञा काय, ती कुठेही सापडते. टिपणाची खरी किंमत या खोडींत असते.

शोधण्यासाठी दोन लहान फंक्शन्स मी बॅश या शेलच्या (आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइलीत ठेवली आहेत. पहिले फंक्शन ग्रेपला 'हायफन एम एक' हा पर्याय, रिकामा नमुना आणि सगळ्या फाइलींची नावे देते. रिकामा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो आणि पर्यायामुळे प्रत्येक फाइलीत पहिल्या जुळणीला ग्रेप थांबतो. त्यामुळे फाइलीचे नाव आणि तिची पहिली ओळ अशी यादी तयार होते. ही यादी एफझेडएफ या यादीतून निवडण्याच्या साधनाला दिली की दोन-तीन अक्षरे टंकताच हवी ती ओळ वर येते. निवडलेल्या ओळीतून अपूर्णविरामाच्या आधीचे फाइलीचे नाव कट या आज्ञेने वेगळे काढायचे आणि ते संपादकाला द्यायचे. दुसरे फंक्शन पहिल्या ओळीवर काही मिळाले नाही तर वापरायचे. ते रिपग्रेप या ग्रेपसारख्या साधनाने पूर्ण मजकुरात शोधते. रिपग्रेप मुळातच लपवलेल्या फाइली आणि गिट-इग्नोअरमध्ये (गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवलेल्या फाइली वगळतो, हे मात्र ध्यानात असू द्या. एकदा मी माझेच मसुदे तिथे नोंदवून मग शोधत बसलो होतो.

जुनी टिपणे एका बैठकीत हलवू नका. जे टिपण प्रत्यक्ष कामासाठी उघडावे लागेल, तेवढेच त्या दिवशी नव्या फोल्डरात आणा आणि त्याची पहिली ओळ लिहा.

उत्तर : जुना कळफलक

पहाटवारा यांच्या पहिल्या ओळीच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पुष्कळ लहान फाइलींशी नाही. मी सर्व्हरांची देखभाल करतो आणि गेली सतरा वर्षे माझी सगळी टिपणे एकाच फाइलीत आहेत. आज तिच्यात सुमारे नऊ हजार ओळी आहेत.

याचे कारण माझ्या कामात आहे. मला ज्या यंत्रांवर बसावे लागते त्यांवर एफझेडएफ नसते, रिपग्रेप नसते, आणि ते बसवण्याची परवानगीही नसते. ग्रेप आणि ऑक (मजकूर एकेक नोंद करून वाचणारे साधन) मात्र सगळीकडे असतात. एक फाइल तेवढी सोबत नेली की काम भागते.

एका फाइलीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की ग्रेप एकच ओळ दाखवतो आणि तिच्या मागचेपुढचे दिसत नाही. त्यावर ऑकमध्ये फार पूर्वीपासून उपाय आहे, पण तो वापरणारे कमी भेटतात. ऑकचा आरएस हा चल म्हणजे नोंदींमधला विभाजक. तो रिकामा ठेवला की ऑक ओळीऐवजी परिच्छेदाला एक नोंद मानतो. रिकाम्या ओळीने वेगळा झालेला प्रत्येक तुकडा ही एक नोंद. मग शब्द तुकड्यात कुठेही असो, पूर्ण तुकडा छापला जातो. याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोन नमुने 'आणि'ने जोडता येतात. 'टार' आणि 'वगळणे' हे दोन शब्द एकाच टिपणात पण वेगवेगळ्या ओळींवर असतील, तर ओळीओळीने शोधणारा ग्रेप एका फेरीत ते टिपण देऊ शकत नाही. परिच्छेदाने वाचणारा ऑक देतो. छापताना दोन तुकड्यांत रिकामी ओळ राहावी म्हणून ओआरएस या चलात दोन नव्या ओळी द्याव्यात. अट एवढीच की एका टिपणाच्या पोटात रिकामी ओळ घालायची नाही. ही शिस्त मला आवडते, कारण तिच्यामुळे टिपण आटोपशीर राहते.

दुसरे कारण थोडे वेगळे आहे. एका फाइलीत शोधताना शेजारची टिपणेही नजरेखालून जातात. टारबद्दलचे काही पाहायला जावे आणि त्याच्या वर लिहिलेली एसएसएचची गोष्ट पुन्हा आठवावी, असे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे. साडेतीनशे बंद फाइलींत हे होत नाही.

आणखी एक सुचवतो. टिपण लिहायचे राहून जाते तेव्हा शेलचा इतिहासच आपले टिपण असतो, आणि तो आपल्या कल्पनेपेक्षा फार लहान असतो. बॅश काही न सांगितल्यास फक्त ५०० आज्ञा लक्षात ठेवतो. उबंटू या लिनक्स प्रणालीची तयार फाइल ही मर्यादा १००० करते. एकाच वेळी दोन टर्मिनल उघडी असतील, तर शेवटी बंद होणारे आधीच्याचा इतिहास पुसून टाकू शकते, म्हणून हिस्ट-अपेंड हा (जुना इतिहास न पुसता पुढे जोडण्याचा) पर्याय चालू ठेवावा. मी मर्यादा एक लाखावर नेली आहे आणि प्रत्येक आज्ञेबरोबर वेळ नोंदवून ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याभराच्या इतिहासावरून नजर फिरवतो आणि ज्या आज्ञेसाठी मला शोधाशोध करावी लागली होती, तेवढी टिपणात उतरवतो. एका आठवड्यात अशा दोन किंवा तीनच निघतात.

उत्तर : पहाटवारा

परिच्छेदाने वाचणारा ऑक मी आजवर वापरला नव्हता. तो पुष्कळ फाइलींवरही तसाच चालतो, हे आत्ताच करून पाहिले. दोन शब्दांच्या शोधासाठी मी माझ्या दुसऱ्या फंक्शनमध्ये रिपग्रेपच्या जागी तोच घालणार आहे. परक्या यंत्रांवर काम करणाऱ्याने एकच फाइल ठेवावी, हेही पटले. माझे सगळे काम माझ्याच लॅपटॉपवर होत असल्याने मला ती अडचण कधी दिसली नाही.

कोरी पाटी

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या ओळीचा मुद्दा वाचल्यावर मी माझी वीस टिपणे उघडून पाहिली. त्यांतल्या चौदांची पहिली ओळ 'महत्त्वाचे' अशी निघाली.

मराठी शोधाबद्दल थोडे स्पष्ट करते. मी 'ॲरे' शोधले तर चार फाइली मिळतात, पण आणखी तीन फाइलींत तोच शब्द आहे आणि त्या मिळत नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दाचेही तसेच होते. हे शब्द मी स्वतः टंकलेले आहेत, काही लॅपटॉपवर आणि काही मोबाइलवर. पडद्यावर ते अगदी सारखे दिसतात.

उत्तर : अनुस्वार

दिसायला सारखे आहेत, साठवलेले सारखे नाहीत. तुम्ही नेमके तेच दोन शब्द दिलेत ज्यांत ही अडचण सगळ्यांत जास्त येते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

'ॲरे'मधले पहिले अक्षर दोन प्रकारे साठवले जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, या स्वराला स्वतंत्र जागा आहे, यू प्लस ०९७२. परंतु ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक 'अ' टंकून त्यावर चंद्र देत असत, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ ही दोन चिन्हे एकापुढे एक. काही कळफलक अजूनही तसेच देतात. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही एकसारखे दिसतात, परंतु ग्रेप बाइट जुळवतो, आकार नाही. 'ऑ'चेही असेच आहे. कोणी ते एका चिन्हाने लिहितो, कोणी 'आ'वर चंद्र देतो.

'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे ०९३१ या जागेवरचा 'ऱ', त्यापुढे हलन्त आणि मग 'य'. दुसरी वाट म्हणजे साधा 'र', हलन्त, त्यानंतर यू प्लस २००डी हे न दिसणारे जोडचिन्ह, आणि मग 'य'. दुसरी वाट जुन्या मजकुरासाठी मान्य ठेवलेली आहे, त्यामुळे ती चूकही म्हणता येत नाही. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या', 'येणाऱ्या' अशा प्रत्येक शब्दात हे घडते, आणि मराठी वाक्यात असे शब्द किती येतात हे सांगायला नको.

अनेक जण इथे सुचवतील की युनिकोडचे सामान्यीकरण करा, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करून घ्या. ते करावे, पण या दोन ठिकाणी त्याचा उपयोग होत नाही. एनएफसी हे सामान्यीकरण 'र' आणि खालचा नुक्ता एकत्र करून 'ऱ' करते. परंतु जोडचिन्हाच्या वाटेने आलेला र ते बदलत नाही, आणि अ-अधिक-चंद्र याचे ०९७२ सुद्धा करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी या जोड्या समतुल्य नाहीत. म्हणून स्वतःच मजकुरात बदल करणाऱ्या सेडची तीन-चार बदलांची छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते : अ अधिक चंद्र याचे ॲ, आ अधिक चंद्र याचे ऑ, आणि र-हलन्त-जोडचिन्ह याचे ऱ-हलन्त. ती सगळ्या टिपणांवर एकदा चालवा, आणि पुढे शोधाचा शब्दही ग्रेपला देण्याआधी तिच्यातूनच जाऊ द्या. दोन्ही बाजू एका साच्यातून गेल्या की प्रश्न मिटतो. त्याआधी किती फाइलींत अडचण आहे हे पाहायचे असेल, तर रिपग्रेपला २००डी हे चिन्ह शोधायला सांगा. त्याच्या नमुन्यांत चिन्हाचा क्रमांक थेट देता येतो.

दुसरी अडचण संगणकाची नाही, आपल्या भाषेची आहे, आणि तिच्याकडे लक्ष गेले नाही तर वरचे सगळे करूनही शोध फसतो. मराठीत विभक्ती लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. तुम्ही 'धागा' शोधाल, पण टिपणात 'धाग्याला' आणि 'धाग्यांमध्ये' असेल. 'शाखा' शोधाल आणि लिहिलेले असेल 'शाखेवरून'. अशा वेळी 'धाग' आणि 'शाख' एवढाच तुकडा शोधावा. पूर्ण शब्दच जुळवणारा ग्रेपचा पर्याय मराठीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. शिवाय आपण 'फाइल'ही लिहितो आणि 'फाईल'ही, 'सर्व्हर'ही आणि 'सर्वर'ही. इ आणि ई ही दोन स्वतंत्र चिन्हे असल्याने चौकटी कंसात दोन्ही देऊन एकाच नमुन्यात काम होते, परंतु प्रत्येक वेळी ते आठवत नाही.

म्हणून मी प्रत्येक टिपणाच्या शेवटी 'शोधशब्द' अशी एक ओळ ठेवतो. तिच्यात मूळ रूपातले मराठी शब्द आणि त्यांच्या शेजारी रोमन लिपीतला इंग्रजी शब्द असतो : शाखा आणि ब्रँच, धागा आणि थ्रेड, कुलूप आणि लॉक. दोन वर्षांनी मला कोणत्या भाषेत आठवेल हे आज सांगता येत नाही, आणि एका ओळीने दोन्ही दारे उघडी राहतात.

फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांतच ठेवा, असे मी सुचवेन. गिट मुळात देवनागरी नावे जशीच्या तशी दाखवत नाही. तो प्रत्येक बाइटचा अष्टमान आकडा छापतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे 'टिपण' या चार चिन्हांच्या नावाचे बारा आकडे होतात. गिटची कोअर-कोट-पाथ ही मांडणी 'असत्य' केली की नावे नीट दिसतात, परंतु ती प्रत्येक नव्या यंत्रावर पुन्हा करावी लागते. आतला मजकूर मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. उलट, 'का' या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषेत आपण विचार करतो तिच्यातच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : दक्षिणद्वार

वर गिटचा उल्लेख आला म्हणून एक काळजीची गोष्ट. टिपणे गिटमध्ये ठेवणे उत्तम, पण टिपणांत चालणारी आज्ञा असते आणि चालणाऱ्या आज्ञेत पुष्कळदा पासवर्ड असतो. मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे माझ्या एका सहकाऱ्याच्या टिपणांच्या सार्वजनिक भांडारात (गिटच्या रिपॉझिटरीत) क्लाउडची गुप्त किल्ली गेली. लक्षात आल्यावर त्याने ती ओळ पुसून नवी नोंद (कमिट) चढवली आणि काम झाले असे समजला. पण गिटमध्ये जुनी नोंद तशीच राहते, आणि ती वाचायला कोणालाही फार श्रम पडत नाहीत. अशा वेळी पहिले काम ओळ पुसण्याचे नाही, किल्ली रद्द करण्याचे आहे. इतिहास साफ करणे त्यानंतर.

म्हणून टिपणात खऱ्या किमतीच्या जागी नेहमी ठरलेला एकच शब्द लिहावा. मी 'इथे-किल्ली' असे लिहितो, त्यामुळे ती आज्ञा चुकून तशीच चालवली तरी ती लगेच थांबते. खरे पासवर्ड मी पास या साधनात ठेवतो. ते प्रत्येक पासवर्ड जीपीजी या कूटलेखनाच्या साधनाने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाइलीत साठवते, आणि टिपणात मी फक्त त्या नोंदीचे नाव लिहितो. यावर आणखी एक कडी म्हणून भांडारात प्री-कमिट हुक, म्हणजे नोंद होण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, घालावा. नव्या मजकुरात 'पासवर्ड' या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह किंवा खासगी किल्लीची सुरुवातीची ओळ दिसली, की त्या स्क्रिप्टने शून्याखेरीज दुसरी परतकिंमत द्यायची. मग गिट नोंद करत नाही. हे हुक भांडाराच्या प्रतीबरोबर जात नाहीत, नव्या लॅपटॉपवर ते पुन्हा बसवावे लागतात, हे विसरू नका.

जुना कळफलक यांच्या इतिहासाच्या सूचनेलाही हेच लागू आहे. एक लाख आज्ञांच्या इतिहासात काय काय साठते याचा विचार करावा. बॅशच्या हिस्ट-कंट्रोल या चलात इग्नोअर-स्पेस असेल, तर सुरुवातीला एक मोकळी जागा सोडून लिहिलेली आज्ञा इतिहासात जात नाही. गुप्त काही टंकायचे असेल तेव्हा ही सवय ठेवावी.

आणि नोकरीतली टिपणे व स्वतःची टिपणे ही दोन वेगळी भांडारे असू द्यात. कंपनीच्या सर्व्हरांची नावे आणि पत्ते तुमच्या घरच्या भांडारात असण्याचे कारण नाही. नोकरी बदलताना त्यातून काय न्यायचे आणि काय ठेवायचे, हे निवडत बसणे फार अवघड जाते. मी ते केले आहे, त्याला तीन रविवार लागले.

कोरी पाटी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

लहान फाइलींचाच मार्ग घेतला. आज सपाट फोल्डरात ४६ टिपणे आहेत; उरलेली जिथे होती तिथेच आहेत आणि लागतील तशी येतील. अनुस्वार यांची सेडची स्क्रिप्ट जुन्या सगळ्या फाइलींवर चालवली. रिपग्रेपने ते न दिसणारे जोडचिन्ह ३१ फाइलींत दाखवले, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या मोबाइलवरून आलेल्या होत्या. 'ॲरे' आता सातही फाइलींत सापडतो. कामाचे आणि घरचे भांडार वेगळे केले; ते करताना दोन खरे पासवर्ड मिळाले. भांडार खासगी होते, तरीही दोन्ही पासवर्ड त्याच दिवशी बदलले.

शोधशब्दांची ओळ लिहायला सुरुवातीला कंटाळा येत होता. मग मी टिपण लिहून झाल्यावर लगेच ती ओळ न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी लिहू लागले, आणि फरक जाणवला. रात्रभराने मला त्या गोष्टीचे जे नाव आठवते, तेच पुढेही आठवण्याची शक्यता जास्त असते.

काल आठवड्याहून जुन्या लॉग फाइली काढून टाकायच्या होत्या. फाइली शोधणाऱ्या फाइंडबद्दलचे टिपण पहिल्याच शोधात मिळाले, आणि त्यात मी चार वर्षांपूर्वी लिहिले होते की 'एमटाइम अधिक ७' म्हणजे सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली. पुसण्याचे काम असल्याने विश्वास न ठेवता तपासून पाहिले. फाइलीची वेळ बदलणाऱ्या टचने १८० तासांपूर्वीची, म्हणजे साडेसात दिवसांची, एक फाइल बनवली. फाइंडने ती दाखवली नाही. १९२ तासांची बनवली, ती दाखवली. फाइंड वयाचे पूर्ण चोवीस तासांचे दिवस मोजतो आणि उरलेले तास सोडून देतो, त्यामुळे 'अधिक ७' म्हणजे किमान आठ पूर्ण दिवस. नेमके सात दिवस हवे असतील तर 'एममिन अधिक १००८०' असे मिनिटांत द्यावे लागते. टिपणातली ओळ बदलली, खोडीत हे सगळे लिहिले, आणि त्याखाली 'तपासले' असे लिहून तारीख घातली. बाकीच्या ४५ टिपणांत ती तारीख नाही. आज दुपारपासून एकेक आज्ञा चालवून घालत आहे. आतापर्यंत नऊ झाली आहेत, आणि त्यांतली दोन दुरुस्त करावी लागली.